काय वाचून राहिला, भाऊ?

पारशिवनीच्या बसस्टँडवर विशी-पंचविशीतल्या पोराच्या हातात पुस्तक दिसलं, की ओळखीचा माणूस थांबतो आणि विचारतो, "कशाची तयारी करून राहिला?" तलाठी, पोलीस, वनरक्षक, बँक, यांपैकी काहीतरी सांगायचं असतं. "तयारी नाही काका, कादंबरी आहे," असं उत्तर आलं तर काकांचा चेहरा उतरतो. पोरगं चांगलं होतं, वय निघून चाललं, घरचे काही बोलत नाहीत वाटतं, ही सगळी काळजी त्यांच्या "अस्सं!"मध्ये मावते. पोरगंही मग शहाणं होतं. पुढच्या वेळी ते कादंबरी चालू घडामोडींच्या पुस्तकाखाली धरतं.

वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याची भाषणं आपण पुष्कळ ऐकली. त्यांत न वाचणाऱ्यांवर तोंडसुख घेतलेलं असतं. मला मात्र त्या कादंबरी लपवणाऱ्या पोराबद्दल बोलायचं आहे. तो वाचतो, पण सांगत नाही. त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेला दुसरा पोरगाही कदाचित मोबाइलवर एखादी भयकथा वाचत असतो आणि तोही सांगत नाही. दोघांची गाठ पडत नाही, पुस्तकांची तर नाहीच नाही. तालुक्याच्या गावात पुस्तकांचा तुटवडा आहे हे कबूल. त्याहून मोठा तुटवडा, आपण निव्वळ मजेखातर काय वाचतो आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या माणसांचा आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि हा दुसरा तुटवडा पैसे खर्चून भरून निघत नाही, म्हणून त्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

पारशिवनी तालुका तसा गमतीचा आहे. एका अंगाला कोलितमाऱ्याचं जंगल आणि पेंचचा व्याघ्रप्रकल्प, दुसऱ्या अंगाला कन्हानच्या कोळसा खाणी, मध्ये धानाची आणि कापसाची शेती, घोगऱ्याचा महादेव, नवेगाव खैरीचं धरण. नागपूर शहर पाणी पितं ते बऱ्याच अंशी या धरणाचं. त्या बदल्यात नागपूरहून इकडे पुस्तकं काही वाहत येत नाहीत. गावातल्या दुकानात गाइड मिळतं, अपेक्षित प्रश्नसंच मिळतो, वह्या मिळतात. कादंबरी हवी असेल तर सीताबर्डी गाठायची. एवढा प्रवास करून माणूस कोणतं पुस्तक आणणार, हे त्याला आधी कोणीतरी सांगितलेलं असावं लागतं. शहरातल्या माणसाला दुकानात उभ्याउभ्या चार पुस्तकं चाळता येतात, एखादं फसलं तरी चालतं. तालुक्यातल्या वाचकाला फसणं परवडत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत जी गोष्ट हौसेची, ती इथे गरजेची होते : ज्याच्या आवडीवर आपला भरवसा आहे अशा कोणीतरी "हे वाच" म्हणणं.

तालुक्यातल्या एका अभ्यासिकेत पाहिलेलं दृश्य सांगतो. लांबट हॉल, प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या जागा, प्रत्येक जागेवर पाण्याची बाटली, हेल्मेट आणि पोराचं स्वतःचं पुस्तक. भिंतीला लागून काचेची दोन लोखंडी कपाटं. आत पुस्तकं होती, चांगली होती. पण कपाटाला टेकवून एका मुलाची खुर्ची मांडलेली होती, आणि ती हलवल्याशिवाय दार उघडणं शक्य नव्हतं. खुर्ची रोजची होती. म्हणजे कित्येक दिवसांत ते दार उघडलं नसणार. वाचायला आलेली वीसेक मुलं पुस्तकांकडे पाठ करून बसली होती, आणि त्यांच्यावर रागवावं असं त्यांत काहीही नव्हतं.

कारण त्या मुलांचं बरोबर आहे. बाप खाणीत ठेकेदाराकडे, किंवा तीन एकरांत. घरात अभ्यासाला कोपरा नाही. जाहिरात निघते थोड्या जागांची, अर्ज येतात लाखांनी. अशा वेळी कोणी येऊन त्याला ललित साहित्याचं माहात्म्य सांगू लागला तर त्या पोराने त्याला हात जोडून बाहेर काढावं. मजेसाठी वाचणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. तो खोटा मात्र आहे, आणि तो खोटा आहे याचा पुरावा लांब जाऊन शोधायची गरज नाही. कन्हान नदीचा पूल ओलांडला की पलीकडे कामठी.

कामठी विड्यांचं गाव. तिथले बाबू हरदास एल. एन. आज मुख्यतः 'जय भीम' या अभिवादनामुळे आठवले जातात. 1904 साली जन्मलेला हा माणूस जेमतेम पस्तीस वर्षं जगला. तेवढ्यात त्याने विडी कामगारांची संघटना बांधली, 1937च्या निवडणुकीत तो मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि त्याआधी 1927च्या सुमारास कामठीत रात्रशाळा काढल्या, संत चोखामेळ्याच्या नावाने एक वाचनालयही काढलं. विडीचा मजूर त्या काळी कसा जगत होता ते सांगायला नको. तरी त्याच्या पुढाऱ्याला रात्रशाळेच्या जोडीला वाचनालय लागेल असं वाटलं. शाळा साक्षर करते. ते झाल्यावर आपण होऊन काय वाचायचं, याचीही सोय हवी, एवढं त्याला उमगलेलं होतं.

तंबाखू आणि वाचन यांचं नातं तसं जगभर आहे, हे एक नवलच. 1865 साली हवानाच्या सिगार कारखान्यात एक प्रथा सुरू झाली : एक माणूस उंच जागी बसून मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे सिगार वळत ऐकायचे. त्या वाचणाऱ्याला पैसे मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. कोणती कादंबरी लावायची हे कामगारच मत देऊन ठरवत. स्पॅनिश राज्यकर्ते घाबरले आणि वर्षभरातच त्यांनी ते बंद पाडायला पाहिलं. प्रथा मेली नाही. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्या कामगारांना इतकी आवडली, की 'माँटेक्रिस्टो' नावाची सिगारच निघाली. इकडे केरळात कन्नूरच्या विडी कामगारांनी तेच केलं. एकाने वर्तमानपत्र नाहीतर पुस्तक वाचायचं, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. हे लोक पोट भरलेले नव्हते. आणि त्यांतल्या ज्या गोष्टीकडे मला बोट दाखवायचं आहे ती ही : त्यांनी पुस्तक निवडण्यावर चर्चा केली, मत दिलं, भांडण केलं. पुस्तक कुठल्या समितीने पाठवलेलं नव्हतं.

आपल्याकडे समूहाने वाचण्याची परंपरा नाही असं कोणी म्हणणार नाही. श्रावणात आजही पारशिवनीच्या आसपासच्या गावांत पोथी लागते. 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत', नाहीतर 'गजानन विजय'. तुकडोजी महाराजांची 41 अध्यायांची 'ग्रामगीता' तर विदर्भाची घरचीच, आणि तिचे शेवटचे अध्याय ग्रंथाच्या अध्ययनाबद्दल आणि महिम्याबद्दलच आहेत. पोथीला बसलेल्या म्हाताऱ्या बाया गोष्टीत कशा रंगतात, कीचकवध आला की कशा सावरून बसतात, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तिथे मजा नाही असं म्हणता येणार नाही. पण पोथीत निवड नसते. कोणती लावायची ते प्रथेने ठरलेलं, न आवडण्याची मुभा नाही, अध्याय मध्येच सोडणं अशुभ. शाळेने हीच रीत उचलली आणि वर परीक्षा बसवली. त्यामुळे आपल्या मनात वाचन म्हणजे एकतर पुण्य किंवा गुण. जे वाचून दोन्ही मिळत नाही ते वाचल्याचं कशाला सांगायचं?

शिफारशीचीही मग तीच गत होते. आपल्याकडे पुस्तक सुचवणं नेहमी वरून खाली येतं. गुरुजी मुलांना सुचवतात, प्रमुख पाहुणे विद्यार्थ्यांना सुचवतात, मामा भाच्याला सुचवतो. यादीही ठरलेली : 'श्यामची आई', 'मृत्युंजय', 'अग्निपंख'. या पुस्तकांवर माझा राग नाही. त्यांतलं पहिलं तर मी आजही कोणत्याही पानापासून वाचू शकतो. पण सुचवणाऱ्याने ते शेवटचं कधी उघडलं होतं, हे एकदा विचारून पाहा. बरेचदा तो स्वतः रात्री झोपताना काहीतरी वेगळंच वाचत असतो, आणि त्याचं नाव घ्यायला लाजतो. मुलांना हे बरोबर कळतं. औषधाची बाटली दाखवणाऱ्याच्या तोंडाला कसला वास येतो ते त्यांना समजतं.

उलटा प्रश्न कोणी विचारत नाही. "सर, तुम्ही सध्या काय वाचून राहिले?" असं विद्यार्थ्याने विचारायचं नसतं, आणि "तू काय वाचतोस, मला दे बरं दोन दिवस" असं सरांनी म्हणायचं नसतं. देवघेव हा शब्द वाचनालयाच्या खिडकीवर लिहिलेला असतो खरा, पण आपल्या व्यवहारात नुसती देव असते. ज्या दिवशी एखादा शिक्षक नववीतल्या मुलाने सांगितलेली नारायण धारपांची भयकथा खरोखर वाचून येईल आणि म्हणेल की मधला भाग भारी होता पण शेवट फसला, त्या दिवशी तो मुलगा सरांनी सुचवलेलं पुढचं पुस्तक नक्की उघडून पाहील. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही. मुलांशी ज्याचा रोज संबंध येतो अशा कोणालाही विचारा.

इथे हलकं आणि जड असा वाद निघतोच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढे. सुहास शिरवळकर कॉलेजच्या पोरांच्या उशाखाली असायचे. मराठी समीक्षेने यांची दखल घेतली नाही म्हटलं तरी चालेल, आणि फिरत्या वाचनालयांनी यांच्याशिवाय काही चालवलं नाही म्हटलं तरी चालेल. मराठी माणूस वाचायला शिकला तो मोठ्या प्रमाणात या पुस्तकांवर, आणि ही पुस्तकं पसरली ती एकाच मार्गाने : एकाने दुसऱ्याला सांगितलं. त्यांना पुरस्कार नव्हते, परीक्षणं नव्हती. मोठा लेखक होण्याचं श्रेय मी त्यांना देत नाही. 'कोसला' आणि अर्नाळकरांची एखादी झुंजार कथा एका पंगतीला बसत नाहीत, हे मलाही कळतं. पण 'कोसला'पर्यंत जो पोहोचतो तो बहुधा कुठल्यातरी झुंजारच्या पाठीवर बसून पोहोचतो, आणि मग झुंजारचं नाव घेणं सोडून देतो. हा कृतघ्नपणा आपल्या वाचकांत फार आहे.

पुस्तक सुचवण्यात नक्की काय घडतं, ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. समोरच्याला "हे वाच" म्हणताना आपण दोन गोष्टी पणाला लावतो. एक, आपल्याला काय आवडतं ते उघडं होतं. आणि दोन, समोरचा माणूस कसा आहे याचा आपण अंदाज बांधलेला असतो, तोही उघडा होतो. उद्धव शेळक्यांची 'धग' मी एखाद्याला देतो तेव्हा मी त्याला सांगत असतो की कौतिकचं ते न संपणारं झुंजणं तुला सोसेल, ती वऱ्हाडी तुझ्या कानाला गोड लागेल. अंदाज चुकला तर पुस्तकाचा काही दोष नसतो. मी माणूस चुकीचा ओळखला असं होतं. पुरस्काराच्या यादीत हा धोका नसतो. खपाच्या आकड्यात नसतो. "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून मोबाइल जे पुढे करतो त्यातही नसतो, कारण त्याचा अंदाज चुकला तर त्याची मान खाली जात नाही. म्हणूनच आपण त्याचं ऐकतो तसं विसरतोही. मित्राने दिलेलं पुस्तक न वाचता परत करताना मात्र अपराधी वाटतं.

आता कोणी म्हणेल, व्हॉट्सअॅपवर एवढी पुस्तकं फिरतात, ती देवघेवच नाही का? नाही. एका संध्याकाळी ग्रुपवर कोणीतरी पन्नास पीडीएफ टाकतो. लेखकाला दमडी मिळत नाही हा त्यातला एक भाग, तो गंभीर आहे. दुसरा भाग असा, की पन्नास पुस्तकं एकदम देणाऱ्याने काहीच सुचवलेलं नसतं. त्याने निवड करण्याचं काम टाळलं. घेणारे पन्नास नमस्कार पाठवतात आणि फोनची जागा भरली की सगळं काढून टाकतात. दुसरा प्रकार सकाळच्या सुविचारांचा. वपुंच्या नावावर वपुंनी कधीही न लिहिलेली वाक्यं फिरतात, आणि ती पाठवणाऱ्याने वपुंचं एक पुस्तक पूर्ण वाचलेलं असेलच असं नाही. सिनेमाचं तसं नाही, हे मान्य केलं पाहिजे. 2025च्या फेब्रुवारीत 'छावा' पडद्यावर आला आणि ज्यांनी वर्षानुवर्षं पुस्तक हातात धरलं नव्हतं ते शिवाजी सावंतांची 1979 सालची कादंबरी मागू लागले. जाड आहे, वाचणार का, असं विचारलं की म्हणत, "पाहतो ना भाऊ, सिनेमात नाही ते त्यात आहे म्हणे." ते 'म्हणे' मला महत्त्वाचं वाटतं. कोणीतरी कोणाला काहीतरी सांगितलं होतं.

असं सांगणं आपल्या भागात मोठ्या प्रमाणात आणि उघडपणे चालतं ते एका ठिकाणी. 14 ऑक्टोबर 1956च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जो जनसागर जमतो, त्यात पुस्तकांचे स्टॉल पाहत हिंडावं. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई दुकानदाराला विचारते, "माझ्या पोरीले समजन असं देजा." शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस मध्येच बोलतो, हे नको, ते घ्या, ते सोपं आहे. आणि ती घेते. कन्हान-कामठीचे, पारशिवनीकडचे कितीतरी लोक तिथून पिशवीभर पुस्तकं आणतात. ते वाचन मजेचं म्हणावं की मुक्तीचं, असा प्रश्न कोणी करेल. ज्या समाजाला पिढ्यानुपिढ्या अक्षर नाकारलं गेलं, त्याच्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात असं मला वाटत नाही. पण वर्षातला तो एक सोहळा सोडला तर गावात परतल्यावर त्या पिशव्यांचं पुढे काय होतं? एका घरातलं पुस्तक दुसऱ्या आळीत जातं का? क्वचित.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. 1967 सालचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. गावाकडची बहुतेक ड किंवा क. ड वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं तेव्हा ते 48 हजारांवर गेलं. म्हणजे महिन्याला चार हजार. यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, आणि ग्रंथपाल. त्या ग्रंथपालाकडून काय अपेक्षा करायची? तपासणीला आलेला अधिकारी मोजतो ते पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या, नियतकालिकांची संख्या. 2012 साली महसूल खात्याकडून पडताळणी झाली तेव्हा अनेक वाचनालयं नुसती कागदावर असल्याचं उघडकीला आलं, त्यामुळे मोजणी नको असंही म्हणता येत नाही. पण ग्रंथपालाने या महिन्यात किती जणांना आपण होऊन एखादं पुस्तक काढून दिलं, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे दोन आहेत. हे जुळवून देणारा माणूस लागतो. कपाट ते करू शकत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना हे उमजलं होतं. 1910 साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. शंभर वर्षांनी तीच पेटी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने पुन्हा उचलली. 2009पासून विनायक रानडे यांनी ती कुठल्या कुठे पोहोचवली. आखातातल्या मराठी घरांतही ती गेली. तिची खुबी मला पुस्तकांत दिसत नाही. पेटी कोणा एकाच्या घरी ठेवलेली असते, ओळखीपाळखीची माणसं तिथे येतात, पुस्तक नेताना आणि आणताना दोन शब्द बोलतात. पेटी हे बोलण्याचं निमित्त आहे. 4 मे 2017 रोजी साताऱ्याच्या भिलारला पुस्तकांचं गाव झालं, तिथे घराघरांत पुस्तकं मांडली गेली. पुढे ही योजना विदर्भात नवेगावबांधला आली. ते ठिकाण योग्यच निवडलं, कारण मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले आणि तिथल्या रानाने त्यांच्याकडून पुस्तकं लिहवून घेतली. पण पाहुण्यांना दाखवायचं गाव आणि आपसांत वाचणारं गाव यांत फरक पडतो. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने 2017पासून पुस्तक अदलाबदलीचा मोठा उपक्रम भरवला : तुमचं वाचलेलं आणा, दुसऱ्याचं न्या. कल्पना झकास. फक्त एक अडचण माझ्या मनात आहे. अदलाबदलीला माणूस बहुधा जे घरातून घालवायचं आहे ते आणतो. जे पुस्तक दुसऱ्याने वाचावंच असं वाटतं ते तो देऊन टाकत नाही. ते तो परत मागण्याच्या बोलीवर देतो, आणि परत आलं नाही तर भांडतो. आणलेल्या पुस्तकात एक चिठ्ठी घालायला लावली, की मला यातलं काय आवडलं आणि हे कोणी वाचू नये, तर त्या ढिगातून हात घालताना वेगळीच मजा येईल.

अशा चिठ्ठ्या आपल्याकडे होत्या. जुन्या वाचनालयातलं कोणतंही लोकप्रिय पुस्तक काढा आणि शेवटचं पान उघडा. परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर जांभळे शिक्के एकाखाली एक. शिक्के दाटीने असतील तर पुस्तक चालतं आहे हे कळायचं, आणि मध्येच दोन वर्षांची पोकळी असेल तर नवल वाटायचं. त्याच्या बाजूला पेन्सिलने, ग्रंथपालाची नजर चुकवून, कोणीतरी लिहिलेलं असायचं : पहिली पन्नास पानं बोअर, नंतर सोडवत नाही. खाली दुसऱ्या हाताने : खोटं, शेवटपर्यंत बोअर. तिसऱ्याने पहिल्याला पाठिंबा दिलेला. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर असे आणि ती योग्यच होती. तरी कधी समोरासमोर न आलेल्या या तीन माणसांची जी बैठक त्या पानावर भरली होती, तिच्या तोडीचं चर्चासत्र मला साहित्य संमेलनात फार क्वचित ऐकायला मिळालं.

बायकांचं वाचन या सगळ्या हिशोबात धरलंच जात नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. वाचनालयाच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले पुरुष दिसतात म्हणून वाचक म्हणजे पुरुष असा समज होतो. गावातली सून संध्याकाळी वाचनालयात जाऊन उभी राहत नाही. ती पोराच्या हाती चिठ्ठी पाठवते. पण दिवाळी अंक गल्लीत फिरतो तो तिच्याकडून. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत मजेसाठी वाचण्याला जी एकमेव राजरोस सवड मिळाली ती दिवाळीची. एकीने एक अंक घ्यायचा, दुसरीने दुसरा, आणि संक्रांतीपर्यंत सगळ्यांचे सगळे वाचून व्हायचे. अंक देताना "तिसरी गोष्ट आधी वाच, बाकी काही नाही" असं सांगितलं जायचं. ही खरी समीक्षा. तिच्यात मोठेपणाचा आव नव्हता, आणि ती कधी चुकलीच तर पुढच्या दिवाळीला टोमणा ऐकावा लागे.

मग करायचं काय? 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो; शाळांत तासभर सगळे पुस्तक धरून बसतात, फोटो निघतात, अहवाल जातो. मला त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला म्हणा, फार छोटी गोष्ट हवी आहे. अभ्यासिकेतली ती खुर्ची हलवा. कपाटातली एक फळी उघडी ठेवा. परीक्षेच्या मुलांना उपदेश करू नका; त्यांच्यातल्या ज्याला रात्री अकराला गणितं सोडवून वीट येतो, त्याला तिथून एक पातळ पुस्तक उचलून न्यायची मोकळीक असू द्या, नोंद नंतर करू. महिन्यातून एका संध्याकाळी चार माणसांनी आपण काय वाचलं ते सांगावं. दीपप्रज्वलन नको, प्रास्ताविक नको, आभार नकोत. सांगणाऱ्यांत एखादा कोलितमाऱ्याचा गाइड असावा. तो पर्यटकांना किपलिंगचा मोगली याच पेंच-सिवनीच्या रानातला म्हणून रोज सांगतो. त्याला कोणी चितमपल्लींचं 'चकवाचांदण' दिलं तर काय होईल याची मला उत्सुकता आहे. त्याला ते आवडेल असं मी गृहीत धरत नाही. जो रोज जंगल पाहतो त्याला चितमपल्लींचं जंगल फार सजवलेलं वाटू शकतं. वाटलं तर त्याने तसं म्हणावं. खाणीतली नोकरी करून आलेला कोणी रहस्यकथेबद्दल बोलेल, कोणी मोबाइलवर ऐकलेल्या पुस्तकाबद्दल. आशाताई बग्यांची कादंबरी वाचणारी बाई बोलली तर उत्तमच.

एक अट मात्र ठेवावी लागेल, आणि तिच्यावरच हे सगळं टिकेल किंवा मोडेल. "छान आहे, सगळ्यांनी वाचा" हे वाक्य चालणार नाही. आपल्या गावांत कोणाला दुखवायचं नाही म्हणून सगळंच छान म्हणण्याची रीत आहे. लग्नातल्या जेवणाला ती शोभते, पुस्तकाला नाही. सांगणाऱ्याने कोणासाठी सुचवतो आहोत ते नाव घेऊन सांगावं, आणि ज्याला सुचवलं त्याने पुढच्या खेपेला येऊन काय ते बोलावं. "तुम्ही दिलेलं पुस्तक चाळीस पानं ओढलं अन् सोडून दिलं, भाऊ, आपल्याले नाही जमलं," असं म्हणणारा जो पहिला निघेल, त्याला ग्रंथपालाने चहा पाजावा आणि काय जमलं नाही ते नीट विचारून घ्यावं. पुढचं पुस्तक काढताना हाती धरायला त्याच्याकडेच काहीतरी सापडणार आहे.